मोबाईलमधला नफा, सातबाऱ्याबाहेरचा कर

पूर्वी गावात नवी गोष्ट आली की ती आधी चावडीवर यायची, चार जाणत्यांच्या तोंडून तावून-सुलाखून निघायची आणि मग घरात शिरायची. आता ती थेट मुलाच्या हातातल्या मोबाईलमधून घरात येते. बिटकॉईन आणि क्रिप्टो या नावाने ओळखले जाणारे आभासी चलन असेच आले. कापसाची पट्टी बँकेत जमा झाली, त्यातले वीस-पंचवीस हजार मुलाने 'जरा फिरवायला' म्हणून घेतले, आणि कुणाच्या ते दुप्पट झाले तर कुणाचे पार बुडाले. बुडाले की घरात भांडण होते. पण फायदा झाला की वेगळाच प्रश्न उभा राहतो. यावर कर भरायचा का? आणि भरायचा तर कसा?

या प्रश्नाची बरी-वाईट उत्तरे पारावर रोज ऐकू येतात. कोणी म्हणतो, 'शेतकऱ्याला कसला आलाय कर?' कोणी म्हणतो, 'सरकार या नाण्याला पैसा मानतच नाही, मग कर कशाचा?' तिसरा म्हणतो, 'एवढ्याशा रकमेकडे कोण बघतंय?' ही तिन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि ती का चुकीची हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः घरचा हिशेब सांभाळणाऱ्या माय-बहिणींना, ठाऊक असायला हवे.

मुळात ही वस्तू काय?

बिटकॉईन हे पहिले असे नाणे. ते जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. ते कोणत्याही सरकारने काढलेले नाही, त्याची टाकसाळ नाही, नोट नाही. जगभरच्या संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाणारी ती एक वही आहे. एकूण २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त बिटकॉईन कधीच निघणार नाहीत, असा त्याचा मूळ नियम आहे. पुढे त्याच्या मागोमाग हजारो नाणी निघाली. त्यांचा भाव केवळ घेणारा किती देतो यावर ठरतो. कांद्याचा भाव कोसळला तरी कांदा खाता येतो. या नाण्याचा भाव कोसळला तर हाती काहीच उरत नाही, हा फरक ध्यानात ठेवावा.

आपल्या देशात या नाण्याला रुपयासारखी कायदेशीर चलनाची मान्यता नाही. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास फर्मावले होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. तेव्हापासून खरेदी-विक्री चालू आहे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांसाठी आणलेला 'डिजिटल रुपया' मात्र यात धरू नये. तो आपला रुपयाच आहे, फक्त कागदावर नाही.

मान्यता नाही, मग कर कसा?

१ फेब्रुवारी २०२२ रोजीच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी या नफ्यावर कर जाहीर केला. कर बसवला म्हणजे वस्तूला मान्यता दिली असे होत नाही, हेही त्यांनी पुढे संसदेत सांगितले. कायद्यात या नाण्यांना 'आभासी डिजिटल मालमत्ता' असे नाव आहे. आयकर कायदा १९६१ मध्ये आलेली ही तरतूद २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ठेवली आहे. हा नवा कायदा लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यामुळे कायदा बदलला म्हणून कर सुटला, असे कोणी सांगितले तर ऐकू नये.

'शेतकऱ्याला कर नाही' हे अर्धेच खरे

शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, हे खरे. पण मुक्त आहे ते शेतीचे उत्पन्न. शेतकरी हा माणूस नव्हे. मातीतून पिकले ते मुक्त, मोबाईलमधून निघाले ते नाही. नाणे घेण्यासाठी लागलेला पैसा सोयाबीनचा होता की उसाचा, याने काही फरक पडत नाही. काही जण हा नफा शेतीच्या उत्पन्नात दाखवून मोकळे होण्याचा सल्ला देतात. तो घातक आहे. खोटी माहिती देऊन उत्पन्न लपवल्यास चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो.

दुसरा गैरसमज १२ लाखांचा. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही, हे सर्वांच्या कानावर आले आहे. पण ती सवलत पगार, व्यवसाय अशा सामान्य उत्पन्नासाठी आहे. क्रिप्टोचा नफा त्या सवलतीत बसत नाही. घरात दुसरे एक रुपयाचेही करपात्र उत्पन्न नसले तरी या नफ्यावर पहिल्या रुपयापासून कर लागतो.

हिशेब कसा बसतो?

दर सरसकट ३० टक्के, आणि त्या करावर ४ टक्के उपकर. विकलेल्या किमतीतून फक्त मूळ खरेदीची किंमत वजा करता येते. कर्जाचे व्याज, मोबाईलचा खर्च, विजेचे बिल यांतले काहीही वजा होत नाही.

एक उदाहरण घेऊ. घरातल्या मुलाने ४०,००० रुपयांचे एक नाणे घेतले आणि ७०,००० ला विकले. नफा ३०,०००. त्यावर कर ९,००० आणि उपकर ३६०, म्हणजे एकूण ९,३६० रुपये.

आता पुढचे पाहा. त्याच वर्षी त्याने दुसरे नाणे ५०,००० ला घेतले आणि ते २०,००० ला विकावे लागले. तोटा ३०,०००. आपण शेतकरी माणसे काय म्हणू? एका वावरात कांद्याने दिले, दुसऱ्या वावरात तुरीने खाल्ले, वर्षाची बेरीज शून्य. इथे कायदा तसे म्हणत नाही. एका नाण्याचा तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि तो पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. मुलाच्या हातात वर्षअखेर काहीच उरले नाही, तरी ९,३६० रुपयांचा कर उभाच आहे. या धंद्यात पडणाऱ्या बहुतेक तरुणांना हे ठाऊकच नसते.

एक नाणे देऊन दुसरे घेतले तरी ती विक्रीच धरली जाते. 'पैसे काढलेच नाहीत, मग कर कशाचा?' हे म्हणणे टिकत नाही. नुसते विकत घेऊन ठेवले असेल, तर मात्र विकेपर्यंत या नफ्याचा कर लागत नाही.

सरकारला कळते कसे?

उसाच्या बिलातून सोसायटीची वसुली जशी परस्पर कापली जाते, तशीच १ जुलै २०२२ पासून नाण्याच्या विक्रीच्या रकमेतून १ टक्का कर मुळातच कापला जातो. यालाच टीडीएस म्हणतात. वरच्या उदाहरणात ७०,००० वर ७०० आणि २०,००० वर २०० असे ९०० रुपये आधीच कापले गेले असतील, तर भरायचे ८,४६० राहतात. हा कापलेला कर पॅन क्रमांकावर जमा होतो आणि आयकर खात्याच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती पत्रकात दिसतो. म्हणजे कोणी पाहत नाही असे नाही. नोंद आधीच झालेली आहे. शिवाय मार्च २०२३ पासून क्रिप्टोचा बाजार चालवणाऱ्या कंपन्यांना काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली ग्राहकांची ओळख आणि व्यवहार नोंदवणे भाग आहे.

काही मुले कंपनीमार्फत न जाता अनोळखी माणसाशी थेट देवघेव करतात. त्यात १ टक्का कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. सामान्य घरातल्या घेणाऱ्याला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारात यातून सूट आहे. पण खरा धोका वेगळा आहे. समोरून आलेला पैसा फसवणुकीतला निघाला तर पोलीस आपले बँक खाते गोठवतात, आणि त्याच खात्यात पीकविम्याची रक्कम अडकून बसते.

व्यवहार कोणाच्या नावावर?

हा मुद्दा शेतकरी घरासाठी सर्वांत महत्त्वाचा. पुष्कळ घरांत मुलगा म्हणतो, 'आबा, तुमचं आधार अन् पॅन द्या, खातं काढतो,' आणि आबा विश्वासाने देतात. खाते आबांचे म्हणजे नफा आबांचा आणि करही आबांचा. आता यातून पुढे काय होते ते पाहा.

पीएम-किसान योजनेत ज्या कुटुंबातल्या कोणी मागील वर्षी आयकर भरला, ते कुटुंब अपात्र ठरते. तिथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीची पात्रताही त्यावरच चालते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेतही कुटुंबात आयकरदाता असू नये अशी अट आहे.

आता बेरीज करा. आबांच्या नावावर ३०,००० नफा झाला. कर गेला ९,३६०. पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० आणि नमो सन्मानचे ६,००० गेले. घरातल्या माउलीला महिन्याला १,५०० मिळत होते, ते वर्षाचे १८,००० गेले. एकूण ३९,३६० रुपये. म्हणजे ३०,००० च्या नफ्यापायी घर ९,३६० रुपयांनी मागे आले.

मग कर न भरता गप्प बसावे का? मुळीच नाही. नोंद पॅनवर आहेच, आणि अपात्र असताना घेतलेले हप्ते परत वसूल केले जातात. कर बुडवायचा, हप्ते घ्यायचे आणि पुढे दोन्ही व्याजासह भरायचे, यात शहाणपण नाही. शहाणपण आहे ते हा हिशेब व्यवहाराच्या आधी करण्यात. मुलगा सज्ञान असेल आणि त्याला हे करायचेच असेल, तर त्याने स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या पॅनवर आणि स्वतःच्या खात्यावर करावे. बायकोच्या किंवा अज्ञान मुलाच्या नावाने आपले पैसे गुंतवले तर तो नफा पुन्हा आपल्याच उत्पन्नात मिळवला जातो, हेही लक्षात असू द्या.

नुसते रिटर्न भरणे आणि कर भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला सगळा तोटाच झाला, त्याला कर लागत नाही; उलट रिटर्न भरले तर कापला गेलेला टीडीएस परत मिळतो. ते न भरल्यामुळे पुष्कळांचा हक्काचा पैसा सरकारकडेच पडून राहतो.

कर भरायचा कसा?

१. एक वही करा. कोणत्या तारखेला कोणते नाणे किती रुपयांना घेतले आणि कोणत्या तारखेला कितीला विकले, हे प्रत्येक वेळी लिहा. अडत्याची पट्टी जपतो तसे कंपनीचे वार्षिक विवरण काढून जपा.

२. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्यानंतर वार्षिक माहिती पत्रकातला टीडीएस आपल्या वहीशी ताडून पाहा.

३. पगारदारांचा साधा पहिल्या क्रमांकाचा फॉर्म इथे चालत नाही. बहुतेकांना आयटीआर-२ लागतो, आणि हाच धंदा म्हणून करणाऱ्याला आयटीआर-३. त्यात आभासी मालमत्तेचा वेगळा तक्ता असतो. प्रत्येक विक्री तिथे वेगळी लिहायची. फायद्याची लिहून तोट्याची गाळायची नाही.

४. आयटीआर-२ ची नेहमीची मुदत ३१ जुलै. उशीर झाला तर विलंब शुल्क आणि व्याज बसते.

५. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक होणार असेल, तर तो जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना आगाऊ हप्त्यांनी भरायचा असतो.

६. मागच्या वर्षीचा नफा दाखवायचा राहिला असेल तर सुधारित माहितीचे 'अद्ययावत रिटर्न' भरता येते. २०२५ पासून त्याची मुदत ४ वर्षांपर्यंत वाढवली आहे. पण त्यात राहिलेला कर आणि व्याज यांवर जादा रक्कम द्यावी लागते. पहिल्या वर्षी ती २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के असते. म्हणून जितक्या लवकर, तितके स्वस्त.

तालुक्याच्या गावी करसल्लागार किंवा सी.ए. असतात. त्यांची फी दंडापेक्षा कमीच पडते. मात्र जाताना वही घेऊन जा आणि काही लपवू नका.

शेवटी एक सांगणे

करापेक्षाही मोठी जोखीम मुद्दलाची आहे. दरमहा १० टक्के देतो, १८ महिने देतो, असे सांगणाऱ्या 'गेनबिटकॉईन' योजनेत महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांनी पैसे घातले आणि गमावले. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि साध्या ग्राहकांचे पैसे अडकून पडले. तेव्हा पीककर्ज, बी-बियाण्याचा पैसा, लेकीच्या लग्नाची शिल्लक यांना या बाजाराचा वारासुद्धा लागू देऊ नये.

ज्याने आधीच व्यवहार केला असेल, त्याने या आठवड्यात एक काम करावे. घरच्यांना सोबत बसवावे, मोबाईलमधला सगळा हिशेब वहीत उतरवावा आणि खाते कोणाच्या पॅनवर आहे ते पाहावे. तेवढे झाले की पुढचे सारे काम सोपे आहे.