अकरानंतरची मिसळ

रविवारचं ऊन चांगलंच तापलंय. पुण्यातल्या पेठेतला अरुंद बोळ. दोन्ही कडांना दुचाक्या, मधल्या जागेत माणसं. हॉटेलच्या दारात एक मुलगा वही घेऊन उभा. नाव सांगायचं, किती जण ते सांगायचं आणि उन्हात जाऊन थांबायचं. "काका, अर्धा तास तरी लागेल," तो वर न बघता म्हणतो.

समोरच्या वाड्याच्या ओट्यावर दोन कुटुंबं टेकलीयेत. एक पोर भुकेनं किरकिरतंय. "घरी पोहे केले असते तर एव्हाना पचलेसुद्धा असते," आजोबा पुटपुटतात. आजी नुसत्या त्यांच्याकडे बघतात. आतून ताटल्यांचा खणखणाट. "दोन मध्यम, एक तिखट, पाव वाढव!" मसाल्याचा ठसका बोळापर्यंत येतो. त्या वासावरच रांग टिकून आहे.

नाव पुकारतात. चौघांच्या टेबलावर आम्ही सहा जण. टेबल नुकतंच पुसलेलं, ओलं. भिंतीवर पाट्या : 'जास्तीचा रस्सा एकदाच', 'खाणे झाल्यावर बसू नये'. मिसळ ८० रुपये, सोबत दोन स्लाइस. एवढ्यात या शहरात पोट भरतं, मग गर्दी का नाही होणार?

ताटली येते. वर शेव, फरसाण, कांदा, लिंबाची फोड. चमचा खाली घालतो. पोहे आहेत, बटाट्याची भाजी आहे, मटकी मात्र शोधावी लागते. वाटीतला रस्सा ओततो. लाल आहे, पण तर्री नाही. कोमट. तिखट जिभेला चावतं आणि तिथंच संपतं. मागून खोबऱ्याची, भाजलेल्या कांद्याची चव येतच नाही.

शेजारी कोल्हापूरचे पाहुणे. "ह्यात पोहे कशाला घातल्यात?" ते यजमानांना विचारतात. मग वाटी तिरकी करून बघतात. "आणि ह्यो रस्सा हाय का पाणी?" यजमान लिंबू पिळण्यात गुंततात.

भटारखान्याचं दार उघडंच आहे. आचारी पातेल्यात तांब्याभर गरम पाणी ओततो, वर मूठभर लाल तिखट, मीठ. ढवळतो. झालं. पहाटे याच पातेल्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परतलेलं असतं. ते तेल वर येतं, तीच तर्री. ती सकाळच्या गिऱ्हाइकांनी नेली. भर गर्दीत पुन्हा वाटण परतत कोण बसणार? मटकीचं तर आणखी अवघड. दिवसभर भिजवायची, रात्रभर फडक्यात बांधून मोड आणायचे. संपली की संपली.

"जरा जागा करून द्या," गल्ल्यावरून मालकांचा आवाज. माझ्या स्लाइस संपल्यात, रस्सा तसाच. बाहेर वहीत अजून नावं चढतायत, आणि कोणीही त्यांना पातेल्यातलं सांगत नाही.

इथं यायचंच तर आठच्या आत या. अकरा वाजून गेले असतील, तर चहा घ्या आणि सरळ घरी जेवा.