न मोडता बदललेली भाषा

मराठी विकिपीडियावरचं कुठलंही पान उघडा. ते तुमच्यापर्यंत पोचवण्यासाठी मागे जी प्रोग्रॅमिंगची भाषा राबते, तिचं नाव पीएचपी. वर्डप्रेसवरची असंख्य संकेतस्थळंही तिच्याच जिवावर चालतात. संगणकवाल्यांच्या गप्पांत तिचं कौतुक क्वचितच कानावर येतं. पण राहतं घर रिकामं न करता त्याचा पाया बदलावा, तशी ही भाषा तीस वर्षं बदलत आली आहे!

ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये, इंटरनेटवरचा आपला बायोडेटा कोण पाहतं याची नोंद ठेवायला काही छोटी साधनं लिहिली. ८ जून १९९५ रोजी ती सर्वांसाठी खुली केली. त्यातूनच पीएचपी घडत गेली, पण नवी भाषा घडवण्याचा त्यांचा बेतच नव्हता. त्या दिवसांच्या खुणा अजून दिसतात. तेव्हा फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा नाव दिलेला कोडचा तुकडा, शोधताना नावाच्या लांबीनुसार गट पाडले जात. एकाच गटात गर्दी होऊ नये म्हणून नावं वेगवेगळ्या लांबीची निवडली जात. ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ हे लांबलचक नाव त्यातलंच, आणि ते आजही रोज वापरात आहे.

पुढे इस्रायलमधल्या टेक्निऑन संस्थेच्या अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या विद्यार्थ्यांनी भाषेचा गाभा नव्याने लिहिला. १९९८ मध्ये पीएचपी ३ आली.

आता एक गंमत पाहा. शून्य हा आकडा आणि ‘आंबा’ हा शब्द समान आहेत का, असं विचारलं तर पीएचपी कैक वर्षं ‘हो’ म्हणायची. वेबवरच्या फॉर्ममध्ये तुम्ही २५ लिहिलंत तरी तो मजकूर म्हणूनच पोचतो. म्हणून तुलनेच्या वेळी मजकुराचा आकडा करून घ्यायची सोय ठेवली होती. ‘आंबा’मध्ये आकडाच नाही, म्हणजे शून्य, आणि शून्य बरोबर शून्य! नोव्हेंबर २०२० मधल्या पीएचपी ८ ने हा नियम बदलला. आता उत्तर ‘नाही’ असं येतं.

दुसरा प्रश्न आपल्या अगदी जवळचा. ‘मराठी’ या शब्दाची लांबी किती? पीएचपीत याची तीन उत्तरं मिळतात. यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेले बाइट मोजले तर १५. म, र, काना, ठ, वेलांटी अशी चिन्हं मोजली तर ५. आपण वाचतो ती म, रा, ठी ही अक्षरं मोजली तर ३. तिन्ही बरोबर, आणि तिन्हींसाठी वेगळी फंक्शनं. जगातल्या सगळ्या लिप्या भाषेच्या गाभ्यातच सामावून घेण्याचा मोठा प्रयत्न पीएचपी ६ मध्ये झाला, पण तो पेलला नाही आणि २०१० मध्ये थांबला. मग ६ हा आकडाच वगळून डिसेंबर २०१५ मध्ये थेट पीएचपी ७ आली.

आणि काय आली! दरम्यान फेसबुकने पीएचपीचा कोड झपाट्याने चालवणारं स्वतःचं इंजिन बनवून सगळ्यांना जागं केलं होतं. मग पीएचपीवर काम करणाऱ्या दिमित्री स्तोगोव, शिनचेन हुई आणि निकिता पोपोव यांनी भाषेची आतली मांडणीच बदलली. एक मूल्य साठवायला लागणारी जागा २४ बाइटवरून १६ वर आली. अनेक संकेतस्थळं, आपल्या कोडला फारसा हात न लावता, जवळपास दुप्पट वेगाने धावू लागली.

हे बदल कुणा एकाच्या मर्जीने होत नाहीत. लेखी प्रस्ताव येतो, खुली चर्चा झडते आणि दोन तृतीयांश मतं मिळाली तरच तो मंजूर होतो. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने यातला एखादा प्रस्ताव जरूर वाचावा. नवं घडवण्याइतकीच बुद्धी जुनं चालू ठेवून सुधारायला लागते, हे त्यातून पक्कं कळतं.