पस्सद्धि : शांतविणारा नाद आणि मार्गदर्शित ध्यान

सात बोध्यंगांमध्ये पाचवे स्थान 'पस्सद्धि'चे आहे. संस्कृतात हाच शब्द 'प्रश्रब्धि' असा येतो. ताण ओसरून शरीर आणि चित्त निवांत होणे, हा त्याचा सरळ अर्थ. संयुत्तनिकायातील बोज्झंग-संयुत्तात तिचे कायपस्सद्धि आणि चित्तपस्सद्धि असे दोन प्रकार सांगितले आहेत. धम्माच्या अभ्यासकांमध्ये सति, समाधि आणि प्रज्ञा यांविषयी पुष्कळ चर्चा होते. पस्सद्धीकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. वस्तुतः दिवसभर राबून आलेल्या माणसाला सर्वांत आधी जिची गरज असते, ती हीच.

हा विषय आज घेण्याचे कारण असे की, मंद संगीत लावून, कोणाच्या तरी संथ आवाजातील सूचनांबरहुकूम डोळे मिटून बसण्याचा प्रघात आता घरोघरी पोहोचला आहे. मोबाइलवर अशा ध्वनिफिती हव्या तितक्या मिळतात. विहारात येणारे उपासक आणि उपासिका आम्हांला तीन प्रश्न विचारतात. संगीत ऐकणे शीलाविरुद्ध तर नाही ना? दुसऱ्याच्या सूचनेने केलेले ध्यान खरे ध्यान होते का? आणि याने खरोखर काही गुण येतो का?

सोलापुरात हे प्रश्न विशेष टोकदार होतात, कारण हे नादाचे नगर आहे. १८७७ साली उभी राहिलेली जुनी मिल आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या यांच्या भोंग्यांवर या शहराची पहाट आणि रात्र कित्येक पिढ्या ठरत असे. भोंगे थांबले, गिरण्या बंद पडल्या. परंतु चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट अजून आहे. मागावर बारा तास उभा राहिलेला माणूस घरी येतो तेव्हा माग त्याच्या कानांत चालूच असतो. विडी वळणाऱ्या भगिनीची मान, पाठ आणि बोटे रात्री अंथरुणावरही सैल पडत नाहीत. या मंडळींना 'चित्त एकाग्र करा' असे एकदम सांगणे म्हणजे पाय मुरगळलेल्याला धावण्यास सांगण्यासारखे आहे.

प्रथम शीलाचा प्रश्न. पंचशीलात संगीताचा निषेध नाही. नृत्य, गीत आणि वादन यांपासून विरत राहण्याचे शील उपोसथाच्या दिवशी घेतल्या जाणाऱ्या अष्टशीलात सातवे आहे. म्हणजे गृहस्थाने ते त्या दिवसापुरते पाळावयाचे. इतर दिवशी बासरी किंवा सतार ऐकल्याने त्याचे शील भंगत नाही.

भिक्खूंच्या बाबतीत नियम अधिक काटेकोर आहे, आणि त्याची कारणे मनन करण्याजोगी आहेत. षड्वर्गीय भिक्खू धम्म लांबलचक गायकी स्वरात म्हणू लागले तेव्हा तथागतांनी त्यातील पाच दोष दाखविले. ही हकीकत विनयाच्या चुल्लवग्गात येते आणि अंगुत्तरनिकायातील गीतस्सर सुत्तात तेच दोष सांगितले आहेत. गाणारा स्वतःच आपल्या स्वरावर आसक्त होतो. ऐकणारेही स्वरावर आसक्त होतात. हे तर आपल्यासारखेच गातात, असे गृहस्थ बोलू लागतात. स्वराच्या नटवेपणाकडे लक्ष गेल्याने समाधि मोडते. आणि पुढची पिढी तोच कित्ता गिरवते. यांतील चौथा दोष आपल्या विषयाच्या गाभ्याला भिडतो : स्वर साधन न राहता स्वतःच आलंबन झाला, की चित्त त्यातच अडकून पडते. तथापि त्याच प्रसंगी 'सरभञ्ञ', म्हणजे स्पष्ट आणि सुस्वर पठण, यास तथागतांनी अनुमती दिली, हे विसरून चालणार नाही. अवंतीहून आलेल्या सोण कुटिकण्णाने अट्ठकवग्गाचे सुस्वर पठण केले तेव्हा त्याची त्यांनी प्रशंसा केली, असे उदानात आहे. (वीणेच्या तारा फार ताणू नयेत आणि फार सैलही सोडू नयेत, हा प्रसिद्ध दृष्टान्त ज्याला दिला तो सोण कोळिविस वेगळा. या दोघांची गल्लत व्याख्यानांतून नेहमी होते.) दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात तर पञ्चसिख वीणा वाजवून गातो, आणि तारांचा स्वर व कंठाचा स्वर किती एकरूप झाले आहेत, असे भगवान त्याला सांगतात. तेथील देवलोकाचा भाग आपण काव्य म्हणून बाजूला ठेवू. उरते ती एका जाणत्या कानाने दिलेली दाद.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की तिपिटकातील काही अतिशय हृद्य प्रसंग समोर येतात. जेतवनात गिरिमानंद नावाचा भिक्खू गंभीर आजारी पडतो. आनंद ही वार्ता भगवंतांना सांगतो. भगवान त्याला दहा संज्ञा समजावून देतात आणि त्या गिरिमानंदाला जाऊन ऐकव, असे सांगतात. या दहांतील शेवटची आनापानसति : श्वास लांब आहे, आखूड आहे, हे जाणणे, सर्व शरीर अनुभवीत श्वास घेणे, शरीराचा संस्कार शांत करीत श्वास सोडणे. आनंद जातो, रुग्णाजवळ बसतो आणि क्रमाने सांगत जातो. रुग्ण ऐकत जातो व त्याची व्याधी शमते. एकाने संथपणे सांगावे, दुसऱ्याने पडल्या पडल्या ऐकत तसे करीत जावे, यालाच आज मार्गदर्शित ध्यान म्हणतात. ही कल्पना कोणा परदेशी मानसतज्ज्ञाकडून आपल्याकडे आली, असे मानण्याचे कारण नाही.

बोज्झंग-संयुत्तात असे आणखी तीन प्रसंग आहेत. पिप्फली गुहेत महाकस्सप आजारी असतो, गिज्झकूटावर महामोग्गल्लान आजारी असतो; दोघांनाही भगवान स्वतः जाऊन सात बोध्यंगे ऐकवितात. तिसऱ्या प्रसंगी राजगृहाच्या वेळुवनात भगवान स्वतःच आजारी आहेत, आणि ते महाचुंदाला म्हणतात की, चुंदा, तू बोध्यंगे सांग. ज्यांनी ती शिकविली तेच ती शिष्याच्या मुखातून ऐकत आहेत! बोध्यंगे त्यांना ठाऊक नव्हती असे थोडेच आहे? पण वेदनेच्या वेळी ठाऊक असणे निराळे आणि कोणी जवळ बसून शांत स्वरात सांगणे निराळे. दुःखाच्या घरी आपण परित्राणपाठ करतो, त्याचे मर्म हेच आहे. तो पाठ घाईघाईने, ध्वनिक्षेपक कर्कश लावून उरकला, तर मर्म हरवते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. या सुत्तांचा आधार घेऊन पठणाने रोग बरे होतात असा प्रचार कोणी करू लागेल, तर तो धम्माचा विपर्यास होईल. याच तिपिटकाच्या विनयात औषधांवर 'भेसज्जक्खन्धक' नावाचा स्वतंत्र विभाग आहे आणि जीवकासारखा वैद्य संघाची शुश्रूषा करतो. श्रवणाने चित्ताची तडफड कमी होते व शरीराला सावरण्यास अवसर मिळतो, इतकेच आम्ही म्हणू. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी बंद करून कोणी बासरी ऐकत बसू नये.

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. संयुत्तनिकायातील अग्गि सुत्तात भगवान सांगतात की, चित्त मरगळलेले असता पस्सद्धि, समाधि आणि उपेक्खा यांची भावना करण्याची ती वेळ नव्हे. विझत आलेल्या अग्नीवर ओले गवत टाकण्यासारखे ते होईल. त्या वेळी धम्मविचय, वीर्य आणि प्रीति यांची भावना करावी. उलट चित्त उद्धत, भडकलेले असता हीच तीन बोध्यंगे म्हणजे पेटत्या आगीवर सुके सरपण. तेव्हा पस्सद्धि हवी. सति मात्र सर्वदा उपकारक आहे.

हे सूत्र हाती घेऊन आपण आपल्याच संगीताकडे पाहू. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गीते, प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज, या साऱ्यांनी काय केले? शतकानुशतके मरगळ लादल्या गेलेल्या समाजाच्या चित्तात वीर्य आणि प्रीति जागविली. विझू घातलेल्या अग्नीवर पडलेले ते सुके सरपण होते, आणि त्याची गरज आजही संपलेली नाही. परंतु तेच संगीत रात्री अकरा वाजता, छाती हादरविणाऱ्या ध्वनियंत्रणेवर, आजारी म्हातारा व परीक्षेस बसलेली मुलगी यांच्या खिडकीखाली वाजले, तर सुत्ताच्या भाषेत ती वेळ चुकलेली आहे. आपल्याकडे उठविणारा नाद उदंड आहे. शांतविणारा नाद आपण पुरेसा घडविला नाही. ती पोकळी आता बाजार भरून काढीत आहे. 'ध्यान-संगीत' म्हणून जे विकले जाते त्यात कोठे मंत्र, कोठे दैवी शक्तीच्या लहरी, कोठे ग्रहशांती बेमालूम मिसळलेली असते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ही सामग्री आरोग्याच्या नावाखाली शिरते, याची आम्हांस खरी चिंता वाटते.

आपल्या चळवळीतील काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांना ध्यानाचा विषयच रुचत नाही. समाज लढत असताना डोळे मिटून बसणे ही पळवाट आहे, असे ते म्हणतात. त्यांच्या आक्षेपामागे बळ आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच बाबासाहेबांनी प्रश्न उपस्थित केला आहे की, भिक्खू हा केवळ परिपूर्ण मानव व्हावयाचा की समाजसेवक. त्यांचा कल कोणीकडे आहे, हे वाचकांस ठाऊक आहे. पण त्याच बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकण्यास घेतले होते. ५ डिसेंबर १९५६ ची रात्र आठवावी. दिल्लीत अलीपूर रोडवरील निवासस्थानी, मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी शरीर खचलेले. नानकचंद रत्तू पाय चेपीत आहेत. बाबासाहेब डोळे मिटून त्रिशरणाचे शब्द हळुवार गुणगुणतात, आणि त्याच गीताची ध्वनिमुद्रिका लावण्यास रत्तूंना सांगतात. त्यानंतर त्याच रात्री त्यांनी आपल्या ग्रंथाची प्रस्तावना जवळ मागवून घेतली. स्वरांची विश्रांती आणि ग्रंथाचे काम एकाच रात्रीत शेजारी शेजारी नांदले. यात पळवाट कोठे आहे, ते आम्हांस तरी दिसत नाही.

याने शरीरात नेमके काय होते? श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना कमी होते. उच्छ्वास लांबला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदय आणि रक्तवाहिन्या निवांत होतात. सुत्ताचे संथ पठण करणाऱ्याचा उच्छ्वास आपोआप लांबतो. इटलीतील पाविया येथील लुचिआनो बेर्नार्डी आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उद्बोधक आहे. बारा संगीतज्ञ आणि बारा संगीत न शिकलेले अशा चोवीस जणांना त्यांनी निरनिराळ्या लयींचे संगीत ऐकविले. द्रुत लयीने श्वास, हृदयगती आणि रक्तदाब वाढले. परंतु मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली, तेव्हा ती मापे संगीत सुरू होण्यापूर्वीपेक्षाही खाली आली. म्हणजे सर्वाधिक विश्रांती स्वर थांबल्यावर मिळाली! प्रथम ध्यानाला शब्द हा काटा आहे, असे अंगुत्तरनिकायात सांगितले आहे, त्याच्याशी हे जुळते. नादाने दारापर्यंत आणावे आणि तेथे आपण थांबावे.

सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ मध्ये भारतात शिबिरे सुरू केली आणि १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी हे त्यांचे प्रमुख केंद्र झाले. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात गाणे, वाद्य, रेडिओ यांना मुळीच स्थान नाही. मात्र सूचना ध्वनिमुद्रित आवाजातून दिल्या जातात. म्हणजे मार्गदर्शन आहे, संगीत नाही. दहा दिवस मौन पाळणाऱ्यास ते योग्यच आहे. पण ज्याला दहा दिवसांची रजा मिळत नाही, रोजंदारी बुडाली तर चूल पेटत नाही, त्याच्यासाठी वीस मिनिटांची सोय विहारातच झाली पाहिजे.

ती अशी करता येईल. बसणे अवघड असेल त्याने भिंतीस टेकावे किंवा आडवे व्हावे. आरंभी चार-पाच मिनिटे संथ सरभञ्ञ किंवा शब्दविरहित बासरी. आवाज इतका लहान की शेजाऱ्याचा श्वास ऐकू यावा. मग ते पूर्ण बंद करून दोन मिनिटे काहीच नको. त्यानंतर मार्गदर्शकाने आपल्या रोजच्या मराठीत थोडके बोलावे : कपाळ सैल, जबडा सैल, खांदे, मग तळहात आणि बोटे. विडी वळणाऱ्या भगिनींसाठी बोटांवर अधिक वेळ द्यावा. दोन वाक्यांमध्ये तीन-चार श्वासांचे अंतर हवे. नवशिक्या मार्गदर्शकाची मोठी चूक म्हणजे तो बोलतच राहतो. पुढे लांब श्वास, आखूड श्वास, सर्व शरीर, शरीर शांत होणे, हा गिरिमानंदाला सांगितलेलाच क्रम. शेवटची पाच मिनिटे मैत्रीची, आणि तीही मौनात. झोप लागली तर लागू द्यावी. रात्रपाळी करून आलेल्यास ती हवीच असते. मात्र मागावर काम करताना किंवा वाहन चालविताना कानात अशा सूचना लावणे धोक्याचे आहे. डोळे मिटताच ज्याला घाबरल्यासारखे होते किंवा जुने आघात उसळून येतात, त्याने डोळे उघडे ठेवून पावलांच्या स्पर्शाकडे लक्ष द्यावे, आणि त्रास टिकला तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

काही महिने असे केल्यावर वाद्याचा भाग चार मिनिटांवरून दोनवर, दोनवरून एकावर आणावा, आणि सूचनाही कमी करीत न्याव्यात. मार्गदर्शक आजारी पडून आला नाही, तरी मंडळी नेहमीच्या वेळी येऊन आपापली बसली, तर वर्ग नीट चालला आहे असे समजावे.