अमेरिकेत टॅरिफ रद्द. परताव्याचे पैसे सीप्झपर्यंत पोहोचणार का?

अंधेरीच्या सीप्झमध्ये घडणाऱ्या दागिन्यांचा मोठा ग्राहक अमेरिका. त्यामुळे वॉशिंग्टनमधल्या एका निकालाकडे इथल्या कारखानदारांचेही लक्ष आहे. काय आहे हे प्रकरण?

वाद कशावरून?
राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १९७७च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेत अनेक देशांच्या मालावर जादा आयातशुल्क लावले. भारतासाठी ते २७ ऑगस्ट २०२५पासून ५० टक्क्यांवर गेले.

न्यायालय काय म्हणाले?
अमेरिकी राज्यघटनेनुसार कर लावण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. १९७७च्या कायद्यात आयातीच्या नियमनाचा उल्लेख आहे, शुल्काचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२६ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी हे शुल्क बेकायदा ठरवले. ट्रम्प यांनीच नेमलेले नील गोर्सच आणि एमी कोनी बॅरेट हे दोन न्यायमूर्तीही बहुमतात होते.

पैसे परत कोणाला?
परतावा कसा द्यायचा, हे या निकालात सांगितलेले नाही. शिवाय शुल्क भरतो तो अमेरिकेतला आयातदार, त्यामुळे परतावा मागण्याचा हक्कही त्याचाच. ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून अंधेरीतल्या कारखानदाराने भावात सूट दिली असेल, तर ती शुल्काच्या पावतीवर दिसत नाही. त्यातला वाटा हवा असेल तर ग्राहकाशी झालेल्या कराराचाच आधार. त्यामुळे त्या काळातली बिले आणि ईमेल आत्ताच शोधून ठेवलेली बरी.