नियम सारखे, नजर वेगळी

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठाला एखाद्या विद्यार्थ्याला गैरवर्तनाबद्दल काढून टाकायचे असेल, तर आधी आरोप कळवून त्याची बाजू ऐकावी लागते. हा हक्क कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी मिळवून दिला. २५ फेब्रुवारी १९६० रोजी माँटगोमेरीच्या न्यायालयाच्या इमारतीतील, गोऱ्यांसाठी राखीव उपाहारगृहात अलाबामा स्टेट कॉलेजचे विद्यार्थी जाऊन बसले. त्यांच्यापैकी नऊ जणांना सुनावणीशिवाय काढून टाकण्यात आले. १९६१ मध्ये त्याविरुद्धच्या ‘डिक्सन’ खटल्यात संघराज्याच्या अपील न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरवली.

त्यांचे कॉलेज कृष्णवर्णीयांचेच होते. गोरे बहुसंख्य असलेल्या विद्यापीठांत अडचण अनेकदा सुनावणीच्याही आधी सुरू होते : तक्रार कोण करतो आणि कोणाविरुद्ध? मे २०१८ मध्ये येल विद्यापीठात एक कृष्णवर्णीय विद्यार्थिनी स्वतःच्याच वसतिगृहाच्या सामायिक खोलीत डुलकी घेत होती. एका गोऱ्या विद्यार्थिनीने पोलीस बोलावले. झोपलेल्या विद्यार्थिनीने किल्लीने आपल्या खोलीचे दार उघडून दाखवले, तरी पोलिसांनी ओळखपत्र मागितलेच.

चोरी किंवा कॉपी पुराव्याने ताडून पाहता येते. ‘उद्धट वर्तन’, ‘गोंधळ घालणे’ यांचे मोजमाप मात्र पाहणाऱ्याच्या नजरेत असते. चौकशी समितीत आपल्यासारखा एकही चेहरा नसेल, तर शांतपणे मांडलेली बाजूही अरेरावी वाटेल, ही धास्ती विद्यार्थ्याला असते. सुनावणीचा हक्क कागदावर मिळाला. निःशंकपणे ऐकून घेतले जाणे अजून बाकी आहे.