नोंदवहीबाहेरचे मजूर

महामारीत सरकारजवळ पैसा नव्हता, असे आपल्याला सांगण्यात आले. बांधकाम मजुरांपुरते तरी ते खरे नाही.

१९९६ च्या कायद्यान्वये बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जाऊ लागला. तो मालकाने भरावयाचा आणि राज्याच्या कल्याणकारी मंडळाने मजुरांचे आजारपण, अपघात, मुलांचे शिक्षण यांवर खर्च करावयाचा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे देशभराचा हिशेब आला. जमा ३७,४०० कोटींहून अधिक, खर्च सुमारे ९,५०० कोटी! मजुराच्या नावाचा पैसा महामारीच्या आधीपासूनच पडून होता.

२४ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी जाहीर झाली त्याच दिवशी, केंद्राने राज्यांना कळविले की, या निधीतून मजुरांच्या खात्यावर रक्कम जमा करा. निधीत सुमारे ५२,००० कोटी रुपये आहेत, हेही केंद्रानेच सांगितले. महाराष्ट्राने एप्रिलमध्ये प्रत्येकी २,००० आणि त्याच वर्षी पुढे ३,००० रुपये मंजूर केले. पण कोणाला? नोंदणी असलेल्यांना.

ही नोंदणी काय आहे, ते समजून घेतले पाहिजे. मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणीचे नूतनीकरणही करावे लागते. नाक्यावर उभा राहणारा मजूर आज एका ठेकेदाराकडे, उद्या दुसऱ्याकडे. पुष्कळदा मुकादमाच्या पलीकडे मालक कोण, हेही त्याला ठाऊक नसते. दाखला देणे म्हणजे हा माझा मजूर आहे, हे कबूल करणे. ते ठेकेदाराला नको असते. घमेली वाहणाऱ्या बाईचे तर हजेरीवर नावही सापडत नाही.

आणि नाक्यावर उभे असतात कोण? गावात जमीन नसलेले. त्यांत आपली माणसे आहेत, दगड फोडणारे वडार आहेत, भटके-विमुक्त आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे श्रम घेतले आणि नाव मात्र कुठे लिहिले नाही, त्यांच्याकडेच व्यवस्थेने लेखी पुरावा मागितला. हा निव्वळ कारकुनी घोटाळा नव्हे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. मजुराचे कल्याण हे शासनाचे कर्तव्य आहे, ही त्यांची भूमिका होती. तेव्हा आपली मागणीही स्पष्ट असावी. मजुराने कचेरीचे हेलपाटे का घालावेत? मंडळाच्या माणसाने सकाळी नाक्यावर येऊन नोंद करावी आणि कामाचा पुरावा देण्याची जबाबदारी उपकर भरणाऱ्या मालकावर टाकावी. पुढची साथ येण्यापूर्वी हे झाले पाहिजे.