एकफलक संगणकावरील संगीतवादक आणि देवनागरी नावे

नागपूरच्या नंदनवन भागातील एखाद्या कुटुंबाने घरातील जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या आणि त्या ऐकण्यासाठी रास्पबेरी पाय हा एकफलक संगणक आणला, असे समजू. २०१२ साली विक्रीस आलेला हा संगणक तळहातावर मावतो. त्यावर एमपीडी ही वादक आज्ञावली बसविली की गाणी ऐकण्याची सोय होते. जुळणी पूर्ण होते, इंग्रजी नावांची गाणी वाजतात. परंतु ‘वाऱ्यावरची वरात’ हे नाव वादनसूचीत असूनही वाजत नाही. अशा वेळी सर्व पुसून नव्याने बसविण्याचा किंवा सगळी नावे रोमन लिपीत बदलण्याचा सल्ला हमखास मिळतो. पहिला सल्ला निरुपयोगी होय. दुसऱ्याने काम भागते, पण संग्रहाचे मराठीपण जाते; तो स्वीकारण्याचे काहीच कारण नाही.

प्रथम दोष ध्वनीचा, परवानगीचा की नावाचा, हे ठरवावे. एकही गाणे वाजत नसेल तर ध्वनीची वाट तपासावी. २०२३ च्या पाचव्या आवृत्तीला हेडफोनचे छिद्रच नाही, तेथे आवाज एचडीएमआय किंवा यूएसबी अशा अन्य मार्गाने बाहेर काढावा लागतो. फोल्डर मुळीच दिसत नसेल तर एमपीडी बहुधा स्वतःच्या वेगळ्या खात्याने चालत असते व घरधन्याच्या खात्यातील फोल्डर उघडण्याची तिला मुभा नसते. इंग्रजी नावे वाजून केवळ मराठी अडत असतील, तर मात्र प्रश्न भाषाभ्यासकाच्या अंगणात येतो.

लिनक्स प्रणालीला फाइलच्या नावातील अक्षर ठाऊक नसते. ठाऊक असते ती बाइटांची मालिका. युनिकोडमध्ये ‘ऱ’ या वर्णास स्वतंत्र संकेत आहे. तोच वर्ण ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येतो. शिवाय ‘ऱ्या’मधील ‘य’च्या डावीकडची ती आडवी रेघ ‘र’, हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह यांनी साधण्याची तिसरी रीत आहे. तिन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात. ॲपलच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीच्या डिस्कवर ‘ऱ’ दोन संकेतांत फोडून साठविला जातो. फाइल तेथून आलेली आणि वादनसूची अन्य संगणकावर टंकलेली असेल, तर दोन्ही नावे दिसायला जुळी, पण यंत्राच्या लेखी परकी. म्हणून समोर दिसणारी फाइल ‘सापडत नाही’.

‘ऱ्य’ऐवजी ‘र्य’ लिहून सुटका करून घेता येत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरातल्या. आचार्यांचे आमंत्रण आचाऱ्यांना गेले तर घोटाळा ठरलेलाच! उपाय निराळा आहे. कॉन्वएमव्ही या साधनाने सर्व नावे युनिकोडच्या ‘एनएफसी’ या संयुक्त रूपात आणावीत. हे साधन आधी केवळ संभाव्य बदल दाखविते, स्पष्ट आज्ञेवाचून काही बदलत नाही, ही त्याची सभ्यता. तिसऱ्या रीतीतील अदृश्य चिन्ह मात्र या रूपांतराने जात नाही. ते शोधूनच काढावे लागते. त्यानंतर एमपीडीची नोंदवही अद्ययावत करून सूची नव्याने तयार करावी.

लांबीचीही एक मर्यादा आहे. ईएक्सटी-४ पद्धतीत नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचा प्रत्येक संकेत यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो. मात्रा, अनुस्वार, हलन्तचिन्ह सारे स्वतंत्र मोजले जाते. ‘स्वयंवर’ हा चार अक्षरांचा शब्द ७ संकेतांचा, म्हणजे २१ बाइटांचा. एकूण ८५ संकेत होताच नाव संपते. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर याहून लांब नाव चालते व तेच येथे उतरविताना नाकारले जाते. राग, गायक, ठिकाण आणि तारीख एकाच नावात कोंबण्याची हौस आवरलेली बरी.

नावांप्रमाणे लावलेल्या यादीत ‘१०’ हा पुष्कळदा ‘२’च्या आधी येतो. १९५५–५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसृत झालेल्या गीतरामायणाच्या ५६ गीतांत असा क्रमभंग कथाच मोडतो. तेथे ‘०१’, ‘०२’ असे क्रमांक द्यावेत.

एक दोष वादकाच्या कोणत्याही जुळणीने सुटत नाही. श्रीलिपी वा कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत लिहिलेली शीर्षके तो टंक दूर होताच रोमन अक्षरांचे कडबोळे होऊन उरतात. ती परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावीत आणि एकेक वाचून तपासावीत. ऱ्हस्व इकार त्या टंकांत व्यंजनाआधी टंकलेला असतो, युनिकोडमध्ये तो व्यंजनानंतर यावा लागतो, आणि चुका राहतात त्या बहुधा तिथेच.